माणशी अर्धा चौरस मीटर

मी फुगे फोडतो. म्हणजे पोटापाण्यासाठी. कार्डावर 'ध्वनी सल्लागार' असं छापलंय, पण आईला कुणी विचारलं की ती सांगते, "ऑफिसांमध्ये जाऊन फुगे फोडतो आणि कागदावर काहीतरी लिहितो." यात दुरुस्ती करण्यासारखं काही नाही.

खोलीत फुगा फोडला की आवाज होतो आणि मग तो विझतो. भिंती बोडक्या असतील तर सावकाश, पडदे-गाद्या असतील तर पटकन. किती वेळात विझला ते यंत्र मोजतं, आणि त्यावरून खोलीत आवाज पिणाऱ्या गोष्टी किती आहेत त्याचं गणित मांडता येतं. कार्पेट आवाज पितं, खुर्चीची गादी पिते, माणूसही पितो. आमच्या शास्त्रात माणूस म्हणजे एक उशी. कपडे घालून बसलेला माणूस अर्धा चौरस मीटर धरायचा, म्हणजे तेवढ्या उघड्या खिडकीतून निघून जाईल इतका आवाज तो पितो, मग तो साहेब असो की शिपाई. इतकी समता मी दुसऱ्या कुठल्या शास्त्रात पाहिलेली नाही.

हे गणित उलटंही चालतं. खोलीतलं सामान माहीत असेल तर फुगा फोडून माणसं मोजता येतात. कॉलेजात आम्ही यावर पैजा लावायचो. डोळ्याला पट्टी बांधून भरलेल्या हॉलमध्ये फुगा फोडायचा, यंत्राचा आकडा मित्रानं वाचून दाखवायचा आणि हजेरी सांगायची. मी एकदा दोनशे माणसांत तीननं चुकलो होतो, आणि ते तिघं मागच्या पडद्याआड सिगारेट ओढत उभे होते, असं माझं अजूनही म्हणणं आहे.

माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही घरात भोंगा म्हणतो. तिचं हसणं खालच्या मजल्यावर ऐकू जातं, आणि ती कशावरही हसते. फ्रिज, वॉशिंग मशीन वगैरे बिघडलं की लोक ज्या नंबरावर फोन करून ओरडतात, त्या नंबराच्या दुसऱ्या टोकाला ती बसायची. एक लांबलचक हॉल, साठ टेबलं, साठ हेडफोन, आणि साठ माणसं एकाच वेळी सांगतायत, "मी आपली अडचण समजू शकते." हॉलच्या टोकाला काचेच्या खोलीत मोठे साहेब, आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीला डेसिबलचा मीटर, हे लांबरुंद लाल आकडे. साहेब दिवसभर त्या आकड्यांकडे स्कोअर बघावा तसे बघायचे.

गोंगाटाबद्दल ऑफिसातल्या लोकांच्या चिठ्ठ्या मागवल्या तेव्हा सतरा चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या नऊ माझ्या बहिणीच्या हसण्याबद्दल होत्या. साहेबांनी तिला आत बोलावून त्या वाचून दाखवल्या. ती चौथ्या चिठ्ठीला हसायला लागली. मग म्हणाली, "सर, माझा दादा हेच काम करतो."

थोडक्यात, तिला गप्प करायचं काम तिनंच मला मिळवून दिलं.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. मी म्हटलं होतं, फुगा फोडण्याआधी सगळ्यांना सांगू. साहेब म्हणाले, "नको, उगाच कामात व्यत्यय." मी फोडला. एक बाई टेबलाखाली गेल्या. एका गृहस्थांनी फोनवरच्या ग्राहकाला तारस्वरात सांगितलं, "पळा." ते ग्राहक आपलं वॉशिंग मशीन फुटणार म्हणून घराबाहेर पडले आणि दार मागे लागून कुलूपबंद झालं. शेजाऱ्याच्या फोनवरून त्यांनी तक्रार केली. ती नोंदवून घेताना माझी बहीण इतकी हसत होती, की माझ्या यंत्रानं तिला चुकून दुसरा फुगा समजून मोजलं.

मी आराखडा केला. छताला सच्छिद्र फरशा, खाली कार्पेट, टेबलांमध्ये पडदे, भिंतींना जाड नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, पॅनेल. साहेबांनी सगळं मान्य केलं, फक्त पॅनेल नवे घ्यायचे नाहीत म्हणाले. "आमच्या जुन्या ऑफिसातले पडलेत. उत्तम आहेत. तेच लावा."

एकशे चाळीस पॅनेल आले. राखाडी, कडा झिजलेल्या. सुतारानं पहिला उचलला आणि खाली ठेवला.

"यात काय भरलंय?"

"नमदा."

"ओला आहे का?"

कोरडा होता. मी एकाचं वजन केलं. असायला हवं त्याच्या दुप्पट भरलं. कोपरा कापून पाहिला, आत नुसता नमदा. दुपारी एक पॅनेल सुताराच्या खांद्यावरून निसटून उघड्या फरशीवर पडला. आम्ही दोघांनी तो पडताना पाहिला. दोघांनी अंग चोरलं. आणि मग एकमेकांकडे बघत राहिलो, कारण आवाजच आला नाही. सुतार म्हणाला, "चांगलाय की माल," आणि उरलेले सगळे त्यानं हातमोजे घालून लावले.

जुन्या ऑफिसातून नव्यात आलेले एकच काका होते. खिडकीशी बसायचे, वर्षभरात निवृत्त होणार होते. मी त्यांना विचारलं, "तिकडे किती माणसं होती हो?"

काका काहीतरी बोलले. मी पुढे वाकलो.

"ऐंशी," ते म्हणाले.

"आणि बंद केलं तेव्हा?"

"हजेरीपटावर ऐंशीच."

"मग बंद का केलं?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू उत्तर मघाशीच देऊन झालंय. मग हेडफोन चढवला.

काम पूर्ण झालं आणि भिंतीवरचा आकडा अडुसष्टवरून चौपन्नवर आला. साहेबांनी मला काचेच्या खोलीत बोलावून बिस्किटं दिली. मी खूश होतो. खोटं कशाला सांगू, फार खूश होतो. आमच्या धंद्यात दहा कमी झाले तरी लोक मिठी मारतात.

काम झाल्यावर रिकाम्या हॉलचं मोजमाप करायचं असतं, ते मी रविवारी दुपारी केलं. बाहेर लख्ख ऊन, खुर्च्या टेबलाखाली नीट सरकवलेल्या. दहा फुगे फोडले. एकाच फुग्यावर विसंबलं तर गणित दोन-चार माणसांनी इकडेतिकडे होतं, दहांची सरासरी काढली की एका माणसाचा फरकसुद्धा सापडतो. गणित मांडलं. सामानाच्या बेरजेपेक्षा साडेनऊ चौरस मीटर जास्त आले.

हिशेबात नसलेल्या साडेनऊ मीटरचा एकच अर्थ असतो: कुठलातरी माल आपण समजलो त्यापेक्षा जास्त पितोय. गणित जुळेना की आम्ही मालाचं कौतुक करतो. मी अहवालात लिहिलं, 'पॅनेलची कामगिरी अपेक्षेपेक्षा सरस.' पण सवय वाईट. माणशी अर्धा मीटर या दरानं मनातल्या मनात भाग देऊन टाकला.

एकोणीस माणसं.

महिन्याभरानं पुन्हा बोलावणं आलं. तक्रार नव्हती, उलट साहेबांना अहवालाची चकचकीत प्रत हवी होती. रविवारी पुन्हा दहा फुगे. या वेळी एकतीस माणसं आली.

नमदा जुना होऊन सुधारत नाही. मी छताच्या फरशा तपासल्या, कार्पेट उचलून पाहिलं, यंत्र घरी नेऊन आमच्या बाहेरच्या खोलीत लावून पाहिलं. ती खोली मला पाठ आहे, सगळी यंत्रं मी तिथेच पारखतो. यंत्र बरोबर होतं.

सोमवारी भरल्या हॉलमध्ये मोजलं, या वेळी रीतसर पूर्वसूचना देऊन. साठही खुर्च्यांवर माणसं. रिकाम्या हॉलचे एकतीस आणि हे साठ, एकूण एक्क्याण्णव यायला हवे होते.

साठ आले.

मी जिन्यात बसून ते गणित पाच वेळा केलं. पहिल्यांदा वाटलं माझं चुकलं. मग वाटलं, चुकलेलंच बरं.

साहेबांना सांगायला गेलो. ते मान वर करून मीटरकडे बघत होते. "सेहेचाळीस," ते म्हणाले. "लायब्ररीत पन्नास असतात, माहितेय?"

"साहेब, हॉल रिकामा असतानासुद्धा भरल्यासारखा वागतोय."

"आकडा वाढतोय की कमी होतोय?"

"कमी होतोय. पण प्रश्न तो नाही."

"मग प्रश्न नाहीच," साहेब म्हणाले. "बिस्किट घ्या."

बाहेर पडताना मी हॉल पहिल्यांदा नीट पाहिला. साठ तोंडं हलत होती. दोन टेबलं सोडून उभं राहिलं तर एकही शब्द येत नव्हता. तसाच तर माझा आराखडा होता. पण एक बाई स्टेपलरवर तळहात मारत होत्या, जोर लावून, तीनदा, आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. मला फक्त हात वर-खाली होताना दिसला. त्या बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी स्टेपलर कानाशी नेऊन हलवून पाहिला.

घरी भोंगा जेवताना काहीतरी सांगत होती. कुणाच्यातरी मिक्सरमध्ये पाल गेली होती, असा काहीसा किस्सा. आई दोनदा "काय?" म्हणाली. तिसऱ्यांदा वैतागली. "अगं नीट बोल की, पुटपुटतेस काय."

"भोंग्याचा सेल उतरला," मी म्हणालो.

एरवी या विनोदावर तिनं मला चमचा फेकून मारला असता. ती ताटातल्या भाताकडे बघत राहिली. आई पाणी आणायला आत गेल्यावर माझ्या जवळ सरकली.

"दादा, ऑफिसमध्ये हसते ना मी, तेव्हा मला ऐकू येत नाही."

"म्हणजे?"

"पोट हलतं. डोळ्यांत पाणी येतं. पण आवाज येत नाही. मला वाटलं, तू छान काम केलंयस म्हणून असेल." मग म्हणाली, "हल्ली इथेही येत नाही."

मी म्हणालो, "मी बघतो." डॉक्टर म्हणतात तसं.

आगीच्या सरावाची आयडिया माझी. साहेबांना सराव फार आवडायचे, कारण त्यात त्यांना शिट्टी असायची. सकाळी अकराला त्यांनी शिट्टी वाजवली, ती कुणाला ऐकू गेली नाही, मग टेबलाटेबलाशी जाऊन खांद्याला हात लावून एकेकाला उठवावं लागलं. सगळे खाली आवारात गेले. हॉल रिकामा झाला. मी दहा फुगे फोडले. स्वतःला वजा केलं.

चव्वेचाळीस.

मग मी त्याच आठवड्यात नोकरीला लागलेल्या एका मुलीला वर बोलावलं आणि तिच्या खुर्चीवर बसवलं. दहा फुगे. पंचेचाळीस. तिला परत पाठवलं. चव्वेचाळीस. आता जरा बरं वाटलं. यंत्र माणसं ओळखत होतं.

काकांना बोलावलं. ते खिडकीशी बसले आणि त्यांनी आपण होऊन डोळे मिटले. दहा फुगे.

चव्वेचाळीस.

मी काही बोलण्याआधी काका उठले. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. निदान तसं दिसलं. समोरच्या काचेत त्यांचा हात माझ्या पाठीवर होता.

शेवटी बहिणीला बोलावलं. ती तिच्या खुर्चीवर बसली, पाय वर घेऊन, घरी बसते तशी. मी तिला कोट घालायला दिला, मांडीवर माझी बॅग दिली, म्हणजे आणखी थोडं काहीतरी वाढेल. एकेक फुगा फोडताना ती दचकत होती. मुद्दाम दचकत होती, मला हसू यावं म्हणून.

चव्वेचाळीस.

आणखी दहा फोडले.

चव्वेचाळीस.

"किती?" तिनं विचारलं.

"यंत्र गरम झालंय," मी म्हणालो.

मी तसाच साहेबांच्या खोलीत गेलो आणि पॅनेल काढा म्हणालो. आजच. सुतार मी आणतो.

"का?"

"लिहून देतो."

"काय लिहिणार?" साहेबांनी खरोखर विचारलं, टोमणा नव्हता. "रिकाम्या हॉलमध्ये माणसं आहेत, असं लिहिणार? का भरल्या हॉलमध्ये नाहीत, असं?"

मी वही काढली. बावीस वर्षं अहवाल लिहितोय. कुठल्याही गोष्टीला बरं नाव देता येतं मला. त्या वेळी वहीत नुसती तारीख लिहिली.

"बसा," साहेब म्हणाले. त्यांचे ओठ नुसते हलले. मला वाटलं, काच मध्ये आहे म्हणून. पण मी काचेच्या आतच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी बहिणीनं नोकरी सोडली. तोंडी सांगितलं तर कुणी मान वर केली नाही, म्हणून लेखी दिलं. कर्मचारी विभागातल्या बाईंनी कागद उचलला, वाचला, सही केली, आणि मग तो कुणी आणून ठेवला म्हणून इकडेतिकडे पाहिलं. भोंगा समोर उभी होती. हे तिनं मला घरी कागदावर लिहून सांगितलं, शेवटी हसणारं तोंड काढून.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. सगळं ठणठणीत. "आ करा, मोठ्यानं," ते म्हणाले. तिनं केलं. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. डॉक्टर वाट बघत राहिले. मग म्हणाले, "हं, करा ना."

तीन आठवडे ती घरात होती. मी तिला बागेत नेलं, टेकडीवर नेलं, मोकळ्या हवेत बोलायला लावलं. सुरुवातीला कानाशी तोंड आणलं की थोडं यायचं. मी आईला सांगितलं की घसा बसलाय, औषध चालू आहे. आईनं हळद घातलेलं पाणी दिलं आणि बोलू नकोस म्हणून दम दिला.

परवा रविवारी, जेवणाआधी, भोंग्यानंच माझी फुग्यांची पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. बोटानं खोलीत गोल फिरवून दाखवलं.

"इथे नको," मी म्हणालो.

तिनं एक फुगा काढून फुगवायला घेतला.

"आता घरातही?" आई म्हणाली. तिला फुग्यांचा तिटकारा आहे. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली, डोळे घट्ट मिटले, कानांत बोटं घातली आणि म्हणाली, "लवकर आटपा रे, भात निवतोय." भोंगा तिच्या शेजारी जाऊन बसली, अगदी खेटून. मी यंत्र लावलं.

या खोलीचा रिकामा आकडा मला झोपेत विचारला तरी सांगता येतो. आई, ती आणि मी. तीन यायला हवेत.

दहा फुगे फोडले. प्रत्येक फुग्याला आईचे खांदे उडत होते.

दोन.

मी यंत्राचं तोंड माझ्याकडे वळवलं. पुन्हा गणित केलं. कागदावर केलं, हातानं, शाळेतल्यासारखं.

दोन.

भोंगा माझ्याकडे बघत होती. किती, असं तिनं ओठांनी विचारलं.

"तीन," मी म्हणालो.

तिनं माझा चेहरा बराच वेळ पाहिला. लहानपणापासून तिला माझं खोटं कळतं. मग ती हसायला लागली. पोट धरून, मागे भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. यंत्र चालूच होतं. पंखा, आणि आईचा श्वास, एवढंच येत होतं.

आईनं कानांतली बोटं काढली. डोळे मिटलेलेच होते.

"संपलं का?" ती म्हणाली. "मग तिला हाक मार. आत जाऊन बसलीय कधीची, आणि तिला थोडं सांग, सारखं आत-आत नको बसूस. जरा येऊन माझ्याजवळ बस म्हणावं."

भोंग्याचा हात तेव्हा आईच्या गुडघ्यावर होता. हसता हसता ती तो गुडघा गदागदा हलवत होती.